पाथरीचे कुलकर्णीपण आणि अहमदनगरचे तख्त

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अहमदनगरच्या दरबारातून वऱ्हाडच्या दरबाराकडे एक मागणी गेली. पाथरीचा परगणा आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात त्याहून जास्त उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्या, असे तिचे स्वरूप होते. मागणारा होता बुरहान निजामशहा, अहमदनगरच्या गादीवरचा दुसरा सुलतान, आणि त्याच्या वतीने बोलणी करत होता वजीर मुकम्मलखान दखनी. समोर होता अलाउद्दीन इमादशहा, वऱ्हाडचा सुलतान.

सुलतान एकमेकांचे मुलूख तलवारीने घेत. अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊन कमी उत्पन्नाचा मागून घ्यायचा, हा व्यवहार त्या काळच्या राजकारणात सहसा दिसत नाही. मुकम्मलखानाने मागणीचे कारणही सांगितले होते. ते फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले. पाथरी ही निजामशहांच्या पूर्वजांची भूमी होती. हे पूर्वज तिथले कुलकर्णी होते, जातीने ब्राह्मण, आणि पाथरीचे वतन पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे चालत आले होते.

आज पाथरी हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे, परभणीच्या पश्चिमेला, गोदावरीच्या उत्तरेकडच्या काळ्या जमिनीत वसलेले. साईबाबांच्या जन्मस्थानाच्या चर्चेमुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. पण दक्षिणेतल्या पाच शाह्यांपैकी एका शाहीचे मूळ याच गावाच्या दप्तरात आहे, आणि या गावासाठी वारंवार मोठ्या फौजा चालून आल्या, हे परभणी जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

तिमाप्पाचा मलिक हसन

हकीकत सुरू होते ती विजयनगरच्या मुलखात. पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले कोणी काही कारणाने गाव सोडून दक्षिणेला गेले आणि विजयनगरच्या आश्रयाला राहिले. या घराण्यातल्या बहिरू किंवा भैरव नावाच्या गृहस्थाला एक मुलगा होता, त्याचे नाव तिमाप्पा. बहिरू हे नाव मराठी मुलखातले आणि तिमाप्पा हे कानडी मुलखातले. घराणे कुठून निघाले आणि कुठे रुजले, ते या दोन नावांतच दिसते.

१४२२ मध्ये अहमदशहा बहमनी गादीवर आला आणि त्याने विजयनगरवर स्वारी केली. ही स्वारी फार क्रूर होती. गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे बंदी झाली. त्या बंदिवानांत लहानगा तिमाप्पा होता. त्याला मुसलमान करण्यात आले, मलिक हसन हे नाव मिळाले आणि तो शाही गुलामांत वाढू लागला. मुलगा हुशार निघाला. सुलतानाने त्याला एका शहाजाद्याच्या सोबतीला दिले. शहाजाद्याबरोबर तो फारसी शिकला, अरबी शिकला.

मुलाचा धर्म बदलला, नाव बदलले, भाषा बदलली, तरी बापाचे नाव त्याला चिकटून राहिले. लोक त्याला ‘बहिरू’चा म्हणून ओळखत. शहाजाद्याच्या तोंडी त्या नावाचे ‘बहरी’ झाले, असे फेरिश्ता सांगतो. बहरी म्हणजे ससाणा. पुढे शाही ससाण्यांचा कारखानाही मलिक हसनच्या हाताखाली आला आणि हे उपनाव त्याला शोभून गेले. निजामशाहीचे सुलतान स्वतःला अखेरपर्यंत ‘बहरी’ म्हणवत राहिले. फेरिश्त्याची हकीकत मान्य केली, तर पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्ण्याचे नाव अहमदनगरच्या राजघराण्याने दीडशे वर्षे मिरवले.

मलिक हसन बहमनी राज्यात वर चढत गेला. निजाम-उल-मुल्क हा किताब मिळाला, तेलंगणाची सुभेदारी मिळाली. बिदरच्या दरबारात तेव्हा दख्खनी आणि आफाकी असे दोन तट होते. दख्खनी म्हणजे इथेच जन्मलेले किंवा इथे मुरलेले सरदार, आफाकी म्हणजे इराण-तुराणातून नव्याने आलेले. मलिक हसन दख्खन्यांचा पुढारी होता. आफाक्यांचा मोठा आधार होता महमूद गावान, बिदरचा मदरसा बांधणारा विद्वान वजीर. महमूद गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र तयार करण्यात आले. ते सुलतानापुढे गेले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. या कटाच्या सूत्रधारांत मलिक हसन होता. पाथरीच्या या वंशजाचे कर्तृत्व सांगताना त्याच्या हातून झालेले हे पापही सांगावेच लागते, कारण बहमनी राज्य त्यानंतर सावरले नाही.

पुढच्या वर्षी सुलतान वारला, गादीवर अज्ञान मुलगा आला आणि राज्याचा सारा कारभार मलिक हसनच्या हाती गेला. पण ते वैभव थोडेच टिकले. १४८६ च्या सुमारास बिदरमध्येच त्याचा खून झाला.

त्याचा मुलगा मलिक अहमद त्या वेळी जुन्नरच्या बाजूला होता. बापाच्या खुनानंतर त्याने बिदरचे वर्चस्व झुगारले. त्याच्यावर आलेल्या बहमनी फौजेचा त्याने २८ मे १४९० रोजी पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी, भिंगारजवळ, त्याने नवे शहर वसवायला घेतले आणि त्याला आपले नाव दिले. ते अहमदनगर. १४९९ मध्ये दौलताबादचा किल्लाही त्याच्या हाती आला. विजयनगरच्या मुलखातून बंदी होऊन आलेल्या मुलाचा मुलगा देवगिरीच्या यादवांच्या किल्ल्याचा धनी झाला.

वतन म्हणजे काय होते

आता या अहमदचा मुलगा बुरहान याच्या त्या मागणीकडे परत येऊ. ज्याच्याकडे जुन्नर, अहमदनगर, दौलताबाद आहे, त्याला पाथरीच्या कुलकर्णीपणाचे काय अप्रूप असावे? हे समजण्यासाठी वतन ही गोष्ट समजून घ्यावी लागते.

जुन्या गावगाड्यात पाटील हा गावाचा मुख्य आणि कुलकर्णी हा गावाचा लिहिणारा. गावात जमीन किती, तिचा कस काय, कोणता तुकडा कोणाकडे, याची नोंद म्हणजे थळझाडा. कोणत्या कुळाकडून किती येणे, किती वसूल, किती बाकी, याचा हिशेब म्हणजे कुळझाडा. ही दप्तरे कुलकर्ण्याच्या घरात असत. हद्दीचा वाद निघाला, भावाभावांची वाटणी झाली, दुष्काळात सूट मागायची झाली, की त्याच दप्तराचा रुमाल सोडला जाई. या कामाबद्दल त्याला इनाम जमीन असे, रयतेकडून ठरलेले हक्क असत आणि सणावारी ठरलेला मान असे.

हे सारे वंशपरंपरेने चाले. जहागीर आणि वतन यांतला फरक इथे आहे. जहागीर राजाच्या मर्जीवर असे. आज दिली, उद्या काढली, परवा दुसऱ्या प्रांतात बदलून दिली. वतन मात्र गावाशी बांधलेले असे. बिदरचा सुलतान गेला आणि अहमदनगरचा आला, तरी पाटील पाटीलच राही, कुलकर्णी कुलकर्णीच राही. नव्या राजालाही वसुलासाठी तीच माणसे लागत. वतनदार दुष्काळाने, जुलमाने किंवा भाऊबंदकीने परागंदा झाला, तरी त्याचा हक्क मरत नसे. दोन-तीन पिढ्यांनंतर त्याचा वंशज परत येऊन हक्क सांगू शकत असे. मग गोतसभा बसे, म्हातारीकोतारी माणसे साक्षीला येत, महजर म्हणजे निवाड्याचा कागद होई आणि तरीही निकाल लागला नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा आणि हात भाजला नाही तर वतन खरे. पुढच्या काळातल्या महाराष्ट्राच्या जुन्या कागदपत्रांचा फार मोठा भाग या वतनांच्या तंट्यांनीच भरलेला आहे. वतनासाठी माणसांनी खून केले, शपथा घेतल्या आणि क्वचित धर्मही बदलला.

काळी आणि पांढरी, म्हणजे गावची शेतजमीन आणि गावची वस्ती, यांच्याशी माणसाला जोडणारा धागा वतन होता. तख्ताने सत्ता मिळे. आपण मूळचे कुठले, या प्रश्नाचे उत्तर वतन देई. बुरहानच्या मागणीमागे ही भावना होती.

नातलग दरबारात

घराणे सुलतान झाल्यावर जुने नातलग दूर राहिले नाहीत. पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले, दरबारात त्यांचा वावर सुरू झाला आणि आपले वतनाचे गाव परक्या राज्यात आहे, ते सोडवा, अशी त्यांनी गळ घातली. सुलतान मुसलमान, भाऊबंद ब्राह्मण. तरी दोघांनी हे नाते मानले होते. धर्म बदलला की मूळ तुटते, ही आजची समजूत त्या दरबारात कोणाला पटली नसती.

हे भाऊबंद ज्या गावातून आले, ते गावही साधे नव्हते. गोदावरीच्या काठच्या पार्थपूर नावाच्या गावी त्या काळी ज्ञानराज हा मोठा ज्योतिषी होऊन गेला. त्याने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला आणि पुराणांतले विश्व व ज्योतिषांच्या गणितातले विश्व यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. हे पार्थपूर म्हणजेच पाथरी, असे अभ्यासक मानतात. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. त्याच्याच नावावर ‘रामकृष्णविलोमकाव्य’ हे एक विलक्षण काव्य आहे. त्याचे श्लोक सरळ वाचले की रामकथा निघते आणि अक्षरे उलट क्रमाने वाचली की कृष्णकथा. संस्कृत साहित्यात अशा रचनेचा इतका लांब प्रयोग फार विरळा. सूर्यदासाचा जन्म १५०८ च्या सुमाराचा. म्हणजे १५१८ मध्ये पाथरीवर पहिला हल्ला झाला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा पोर असणार. ज्या गावातल्या एका घराण्यात भास्कराचार्यांच्या गणिताचा अभ्यास होत होता, त्याच गावासाठी दोन सुलतान भांडत होते.

दोन बंदिवानांची मुले

आता वऱ्हाडच्या बाजूला पाहू. अलाउद्दीनचा बाप फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा इमादशाहीचा संस्थापक. त्याचीही कथा तीच. तोही विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरातला, तोही लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागलेला बंदिवान. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी तो वाढला, पुढे स्वतः सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र सुलतान. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. तो विजयनगरकडचा राजपक्षी आहे आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध या घराण्याच्या मुळाशी जोडतात.

म्हणजे पाथरीच्या लढाईत एका बाजूला विजयनगरहून पकडून आणलेल्या मुलाचा नातू होता आणि दुसऱ्या बाजूला विजयनगरहूनच पकडून आणलेल्या मुलाचा मुलगा. दोघांच्या बाप-आजांनी एकाच बहमनी दरबारात उमेदवारी केली होती. मध्ययुगीन दख्खनचा इतिहास दोन रंगांत रंगवणाऱ्यांनी या एका लढाईकडे नीट पाहावे.

अलाउद्दीनने मागणी नाकारली. त्याचेही कारण समजण्यासारखे आहे. पाथरी गोदावरीच्या खोऱ्यातला संपन्न परगणा, त्यातही राज्याच्या सीमेवरचा. शेजारी राजा भावनेने मागत असला, तरी सीमेवरचे ठाणे सोडले की नदीचा उतार त्याच्या हाती जातो. त्याने नुसता नकार दिला नाही, तर पाथरीला किल्ला बांधायला घेतला. मुकम्मलखानाने हरकत घेतली, पण काम थांबले नाही. किल्ला पुरा झाला. मग १५१८ मध्ये बुरहानने एकाएकी चाल करून पाथरी घेतली.

गुजरातची फौज दाराशी

अलाउद्दीन हे विसरला नाही. १५२७ च्या सुमारास त्याने गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाची मदत घेतली आणि पाथरी परत जिंकली. बुरहान पुन्हा चालून आला. बिदरचा अमीर बरीद या वेळी त्याच्या बाजूला होता. पाथरीला वेढा पडला, सुमारे दोन महिन्यांनी किल्ला पडला. बुरहानने तो जमीनदोस्त करून टाकला. ज्या किल्ल्यावरून वाद पेटला होता, त्याचे दगडही जागेवर राहिले नाहीत.

मग त्याने जे केले ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. फेरिश्ता सांगतो की पाथरी त्याने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली आणि अकबराच्या काळापर्यंत ती त्यांच्या वंशात चालू राहिली. इतक्या फौजा, इतका खर्च, इतकी माणसे घालवून मिळवलेला परगणा सुलतानाने खालशात घेतला नाही. ज्यांच्या हक्कासाठी तो लढला, त्यांच्या पदरात तो टाकला. मागणीत सांगितलेले कारण नुसता बहाणा असते, तर पाथरी सरकारजमा झाली असती.

या विजयाची किंमत मात्र सगळ्या दख्खनने मोजली. बुरहानने पाथरीपाठोपाठ माहूरही घेतले. अलाउद्दीन बऱ्हाणपूरला पळाला. खानदेशचा मुहम्मदशहा त्याच्या मदतीला उतरला, पण दोघांचाही पराभव झाला आणि हत्ती, तोफा बुरहानच्या हाती लागल्या. शेवटी दोघांनी गुजरातच्या बहादूरशहाला बोलावले. बहादूरशहा तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य सुलतान. १५२८-२९ मध्ये त्याची फौज दख्खनमध्ये शिरली, अहमदनगरपर्यंत आली, दौलताबादला वेढा पडला. अखेर तह झाला तो असा की अहमदनगरात आणि वऱ्हाडात दोन्हीकडे बहादूरशहाच्या नावाने खुतबा वाचला जावा. शुक्रवारच्या नमाजात ज्याच्या नावाने खुतबा वाचला जातो तो सार्वभौम. वऱ्हाडने शेजाऱ्याला धडा शिकवण्यासाठी बाहेरचा पाहुणा बोलावला आणि तो पाहुणा दोघांच्याही डोक्यावर बसला.

तहात पाथरी आणि माहूर वऱ्हाडला परत करायचे बुरहानने कबूल केले होते. बहादूरशहाची पाठ वळल्यावर त्याने खानदेशचे हत्ती परत पाठवून त्या बाजूचा रोष संपवला, पण पाथरी सोडली नाही. बहादूरशहा पुढे हुमायूनशी लढण्यात गुंतला आणि १५३७ मध्ये दीवला पोर्तुगीजांच्या हातून मारला गेला. वऱ्हाडच्या बाजूने दाद मागायला कोणी उरले नाही. बुरहानने याच सुमारास कानरसेन किंवा कंवरसेन नावाच्या ब्राह्मणाला पेशवा नेमले होते. पाथरीच्या भाऊबंदांना दरबारात जी जागा मिळाली, ती एकट्या त्यांच्यापुरती नव्हती.

दोन इतिहासकार, दोन वंशावळी

पाथरीच्या कुलकर्ण्यांची ही हकीकत खरी मानायची का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. तो रास्त आहे, कारण याच घराण्याची दुसरी वंशावळ लिहिलेली आहे. सय्यद अली तबातबाने दुसऱ्या बुरहान निजामशहाच्या आश्रयाने सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘बुरहान-ए-मआसिर’ लिहायला घेतले. त्यात अहमद निजामशहा हा मुळात बहमनी सुलतानाचाच मुलगा होता आणि मलिक हसनने त्याला फक्त वाढवले, असे म्हटले आहे.

तबातबा राजाच्या पदरचा लेखक होता. धन्याचे रक्त राजाचे ठरावे, यात त्याचे आणि धन्याचे दोघांचेही हित होते. फेरिश्त्याची स्थिती वेगळी. त्याचा बाप अहमदनगरच्या शहाजाद्याला शिकवायला आलेला, तो स्वतः अहमदनगरात वाढला, तिथल्या दरबारात चाकरीला राहिला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने आपला इतिहास पूर्ण केला. निजामशाही त्याने आतून पाहिली होती आणि लिहिताना निजामशहांची मर्जी राखण्याची त्याला गरज नव्हती. शिवाय राजघराण्याला ब्राह्मण कुलकर्ण्याचा वंश चिकटवून त्या काळी कोणाचा गौरव होणार होता? गौरवासाठी लोक राजाचे किंवा पैगंबराचे रक्त सांगतात, गावच्या लिहिणाऱ्याचे सांगत नाहीत. पाथरी मिळवून ती ब्राह्मणांना इनाम देण्याची कृतीही फेरिश्त्याच्या वंशावळीशी जुळते. म्हणून ती मला विश्वासार्ह वाटते.

पुन्हा एकदा पाथरी

या घराण्याचा पुढचा प्रवास मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. बुरहान १५५३ मध्ये वारला. त्याचा मुलगा हुसेन निजामशहा १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध लढला. ज्या राज्याने पाथरीच्या परागंदा कुळाला आसरा दिला होता, त्या राज्याचा कणा त्याच कुळातल्या सुलतानाच्या आघाडीने मोडला. हुसेनची मुलगी चांदबिबी. म्हणजे अहमदनगरच्या तटावर मोगलांशी झुंजलेली चांदबिबी फेरिश्त्याच्या वंशावळीनुसार पाथरीच्या बहिरू कुलकर्ण्याची वंशज ठरते. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाडच गिळंकृत केले आणि पाथरीचा वाद मिटला असे वाटले.

पण तो मिटला नव्हता. १५९६ मध्ये अहमदनगरच्या वेढ्यानंतर चांदबिबीने तह केला आणि वऱ्हाड मोगलांना दिले. मोगल अधिकाऱ्यांनी वऱ्हाडाबरोबर पाथरीचाही ताबा घेतला. अहमदनगरचे म्हणणे, पाथरी वऱ्हाडात येतच नाही, ती आमची. ऐंशी वर्षांपूर्वी बुरहानने अलाउद्दीनला जे सांगितले होते, जवळजवळ तेच आता त्याची नात अकबराच्या माणसांना सांगत होती. यातून युद्ध पेटले. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर या तिघांच्या फौजा आदिलशाही सरदार सुहेलखानाच्या हाताखाली एकत्र आल्या. समोर होता अकबराचा खानखानान अब्दुर्रहीम, ज्याचे दोहे हिंदी मुलखात आजही पाठ असतात तोच कवी रहीम. १५९७ च्या सुरुवातीला, पाथरीपासून बारा कोसांवरच्या आष्टीच्या बाजूला, गोदावरीच्या खोऱ्यात ही लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ती सोनपेठची लढाई म्हणूनही येते आणि सोनपेठ हा आज परभणी जिल्ह्यातला तालुका आहे. दोन दिवस घनघोर लढाई होऊन मोगल जिंकले. त्यांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान रणात पडला. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात ‘सरकार पाथरी’ अशी नोंद आहे. कुलकर्ण्यांचे इनाम संपले आणि पाथरी मोगल साम्राज्यातले एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, झाली.

अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाही पंचवीस वर्षे जिवंत ठेवली आणि तिच्या अखेरच्या दिवसांत शहाजीराजांनी या घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने मोगलांशी झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीला ती झुंज संपली आणि त्याबरोबर ही सल्तनतही. विजयनगरच्या स्वारीत पकडलेल्या एका मुलापासून सुरू झालेले हे राजघराणे शेवटीही एका मुलापाशीच आटोपले. पण त्याच्या छत्राखाली भोसले घराणे वाढले होते आणि दख्खनच्या मातीतले राज्य दख्खनच्या माणसांनी राखायचे, हा धडा त्या घराण्याने तिथे गिरवला होता.

दप्तर बंद झाल्यावर

वतनाचा पसारा त्यानंतरही तीन शतके चालला. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला आणि १ मे १९५१ पासून कुलकर्ण्यांचा वंशपरंपरेचा हक्क संपला. निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या परभणीत या लिहिणाऱ्याला पटवारी म्हणत, तेही वंशपरंपरेचे काम पुढे संपले आणि पगारी तलाठी आला. वतनांत अन्यायही होता. गावाचे ज्ञान एका घरात कोंडलेले राही आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे नशीब दुसऱ्याच्या बोरूवर अवलंबून असे. ती व्यवस्था गेली हे चांगलेच झाले.

तरीही तिच्या आत दडलेला इतिहास आपण फेकून देऊ नये. आपण शाळेत पाच शाह्या पाठ करतो, पण त्यातल्या एकीचे मूळ परभणी जिल्ह्यात आहे, हे तिथल्या पोरांच्या पुस्तकात नसते. चांदबिबी अहमदनगरची, सूर्यदास काशीच्या पंडितांच्या यादीतला, रहीम दिल्लीचा, असे आपण धरून चालतो. या तिघांच्याही कथा पाथरीच्या पंचक्रोशीतून जातात. जिल्ह्याच्या इतिहासाला मोठ्या घटनांची कमतरता नाही, त्या गावाच्या नावाशी जोडून सांगणाऱ्यांची कमतरता आहे.

आणि एक गोष्ट या हकीकतीतून ठामपणे सांगता येते. अहमदनगरचा मुसलमान सुलतान आणि पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद यांच्यात एक शतकाचे अंतर होते, धर्माचे अंतर होते, राजा आणि रयत हे अंतर होते. तरी आपले गाव एक, आपले कूळ एक, हे दोघांनाही मान्य होते आणि त्या नात्यापायी एका राजाने युद्ध पत्करले. ज्या मराठवाड्याला आपण दुष्काळाच्या बातम्यांपुरते ओळखतो, त्या मराठवाड्यातल्या माणसांनी नात्याची ही रुंद समजूत पाचशे वर्षांपूर्वी जगून दाखवली आहे. तो वारसा पाथरीचा आहे आणि पाथरीने तो अभिमानाने सांगावा.